लोखंड्याचं शेवटचं वाक्य

दत्ता,

काल सुलभा वहिनींनी माझी निळी वही परत दिली. तुझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत, चार्जरच्या खाली होती म्हणाल्या. गेल्या गणपतीत ही वही तुला दिली तेव्हा दोन दिवसांत परत आण, असं मी बजावलं होतं. तू आठ महिने ठेवलीस, आणि शेवटी स्वतः आणून दिलीच नाहीस.

तू गेलास त्याला आज अठरा दिवस झाले. तुझं वय, तुझं महाडमधलं दुकान, किती लग्नांची शूटिंगं केलीस, हे सगळं चौकातल्या फलकावर लिहून झालं आहे. ते पुन्हा लिहीत नाही. माझ्याकडे ही वही आहे आणि आपलं एक अर्धवट भांडण आहे. ते भांडण मला येत्या रविवारी मिटवायचं आहे.

वहीत आपल्या सिनेमातल्या चुका आहेत. 'लोखंडी गडी' मी तुझ्या दुकानात चार वेळा पाहिला, आणि प्रत्येक चूक मिनिट-सेकंदासह उतरवली. चूक ७: प्रोफेसर घरात शिरतात तेव्हा पायात चपला, बाहेर पडतात तेव्हा बूट. चूक १९: मंगळ ग्रहावर दोरीला टॉवेल वाळतो आहे. चूक ३१: लोखंड्याच्या डोक्याला हळदीचं पान चिकटलेलं आहे. उजवीकडे मी एक रकाना मोकळा सोडला होता, वर 'दुरुस्ती' असं लिहून. त्या रकान्यात तू प्रत्येक चुकीसमोर लाल पेनानं एकच लिहिलं आहेस: 'राहू दे.'

काल आधी राग आला. मग मोजले. 'राहू दे' सत्तेचाळीस वेळा आहे. माझ्या चुका सेहेचाळीस होत्या. सत्तेचाळिसावी तुझ्या अक्षरात आहे. तिच्याकडे नंतर येतो.

तू मला लोखंड्याच्या त्या डब्यात कसं घातलंस ते आधी. आपण दोघं पोलादपूरच्या वरच्या एकाच वाडीतले, एकाच बाकावरचे. तू कॅमेरा धरलास, मी बिरवाडीजवळच्या कारखान्यात वजनकाट्यावर लागलो. तेवीस वर्षं भरलेली गाडी मोजतो, रिकामी गाडी मोजतो, वजाबाकी करतो. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तू घरी आलास आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधी म्हणालास, "विल्या, मी यंत्रमानवावर सिनेमा काढतोय. यंत्रमानव तू."

मी म्हटलं, "मला अभिनय येत नाही."

"म्हणून तर. तू आहेस तसा बोल. तुझ्या बायकोला विचार, फरक कळायचा नाय."

माझी बायको आत स्वयंपाकघरात इतकी हसली की मला 'नाही' म्हणायला जागाच उरली नाही.

तुला लहानपणी वाडीत पडद्यावर पाहिलेल्या सिनेमांसारखा सिनेमा हवा होता. दोरीवर हलणारी उडती तबकडी, पांढऱ्या कोटातला केस पिंजारलेला शास्त्रज्ञ, छातीवर लुकलुकणारे दिवे. टेम्पोवाले सलीमभाई तेव्हाच म्हणाले होते, "दत्ताभाई, आता कॉम्प्युटर हुबेहूब माणसासारखा यंत्रमानव काढून देतो, फुकट." तू म्हणालास, "माणसासारखा दिसला की माणूस घाबरतो. आपला मोदकपात्रासारखा दिसला पाहिजे."

आणि तो मोदकपात्रासारखाच दिसला, कारण त्याचं डोकं म्हणजे वहिनींचं मोदकपात्र होतं. धड जुन्या गीझरच्या टाकीचं, हात एक्झॉस्टच्या चांदीसारख्या पाइपांचे, पाय रंगाच्या रिकाम्या बादल्यांचे, छातीवर गणपतीच्या सजावटीची माळ. मी तो वेष वाण्याच्या काट्यावर मोजून घेतला. अकरा किलो चारशे ग्रॅम. गणपतीत मोदकपात्र घरात लागायचं, म्हणून आपलं शूटिंग बंद. चूक ३१ त्यातूनच आली.

गोष्ट तुझीच होती. वाडीतली तरणी माणसं मुंबईला गेली, शेती कोण करणार, म्हणून प्रोफेसर एक यंत्रमानव बनवतात. तो भाताची लावणी करतो, पण दोन रोपांतलं अंतर पट्टीनं मोजत असल्यामुळे दिवसभरात त्याचा एक बांधही पुरा होत नाही. मग मंगळाचा बादशहा त्याला पळवून नेतो, आणि तिथेही मोजत बसल्यामुळे कंटाळून परत पाठवून देतो. बादशहा सलीमभाई. टेम्पोचा धंदा सांभाळून आले बिचारे, अंगात स्वतःच्या निकाहची शेरवानी, जिची बटणं तीस वर्षांनी लागत नव्हती. मंगळ म्हणून तू सवचे गरम पाण्याचे झरे निवडलेस. वाफ फुकट मिळते म्हणालास. सलीमभाई वाफेत उभे राहून "पृथ्वीच्या किड्या, गुडघे टेक!" म्हणून ओरडले, आणि मागून आंघोळीला आलेले एक आजोबा म्हणाले, "गुडघ्यासाठीच येतो हो इथं, पण टेकवत नाहीत." तेही तू ठेवलंस. चूक २०.

कशेडी घाटात तू मला रस्त्याच्या कडेला एकटं उभं करून लांबून शूट करत होतास. एक ट्रक थांबला. ड्रायव्हरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "खेडपर्यंत जातोय. बसणार का?" एवढंच. हे काय आहे, कोण आहे, काही नाही. मी आत इतका हसलो की माळेतले दिवे थरथरायला लागले. तू लांबून ओरडलास, "दिवे हलताहेत, विल्या! हसू नको!"

दत्ता, बाहेर मी कधी फारसा हसलो नाही. तुला वाटत असेल की मी फक्त चुका काढत होतो. त्या डब्यात मी चोवीस दिवस उभा राहिलो, आणि बहुतेक दिवस आत हसत होतो. दिवे हलायचे ते त्यामुळे. हे तुला सांगायचं राहिलं.

आता सत्तेचाळिसावी. शिमग्याचे दिवस होते आणि आपण वाडीत शूटिंग करत होतो. पार्वती काकी, वाडीतलं सगळ्यात मोठं माणूस, काठी टेकत आल्या. त्यांना वाटलं शिमग्याचं सोंग आलं. आपल्याकडे सोंग दारी आलं की त्याला नारळ देतात आणि मनातलं मागून घेतात. सोंगानं तोंड उघडायचं नसतं. काकींनी मोदकपात्राला कुंकू लावलं, माझ्या पाइपाच्या हातात नारळ ठेवला आणि हात जोडले. "बाबा, माजा गणू तीन वर्सं झाली मुंबयस्नं आला नाय. फोनवर येतो येतो म्हनतो. त्याला बुद्धी दे. मी हाय तवर एकदा येऊ दे."

तू कॅमेरा थांबवला नाहीस. मीही हललो नाही. स्क्रिप्टमध्ये कुणीही बोललं की लोखंड्यानं 'बीप' करायचं असं ठरलं होतं. सोंग म्हणूनही मी गप्प राहायला हवं होतं. मी आतून म्हणालो, "होय, काकी."

माझ्या यादीत मी ही चूक लिहिली नव्हती. तुझ्या अक्षरात आहे: 'लोखंड्या इथं माणसासारखा बोलतो.' आणि समोर, 'राहू दे.' तुला तेव्हाच ऐकू आलं होतं तर. मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?

गणू त्या मे महिन्यात आला. लोखंड्यामुळे नाही, त्याची सुट्टी मंजूर झाली म्हणून. पण काकींनी दुसरा नारळ माझ्या घरी पाठवला.

आणि आता भांडण. शेवटचा प्रसंग तुला राखणीच्या पंगतीतच हवा होता. पावसाआधी वाडी शिवेवरच्या देवाला राखण देते, आणि दुपारी तिथेच आंब्याखाली जेवण होतं. घरटी एक माणूस बसतो, घरटी एक पान मांडलं जातं. आपली घरं अडतीस. ज्या घरांना कुलूप आहे त्यांचंही पान मांडतात, त्यावर वाढतात, आणि नंतर भावकीतलं कुणीतरी ते झाकून घेऊन जातं. पान कुणाचं चुकत नाही.

गेल्या वर्षी त्या पंगतीत एकतीस माणसं बसली होती. एकतिसावा तू, प्रोफेसरांच्या पांढऱ्या कोटात. कॅमेऱ्यामागे वहिनी. मी पंगतीच्या टोकाला उभा, उन्हात तापलेल्या गीझरमध्ये. माझा मोठा भाऊ आमच्या घराच्या पानावर बसून माझ्याकडे बघायचं टाळत होता.

तू विचारलंस, "लोखंड्या, पंगतीला किती?"

मी म्हणालो, "एकतीस."

"कट. विल्या, अडतीस."

"बसलेत एकतीस."

"पानं अडतीस हायत."

"मग पानं किती असं विचार. तू पंगतीला किती म्हणून विचारतोस."

"अरे बाबा, म्हणूनच तिथं सिनेमा संपतो ना! आतापर्यंत या डबड्याला दिसेल तेवढंच मोजता येत होतं. आज ते नसलेली माणसं मोजतं. तिथं ते आपल्यातलं होतं."

"तिथं ते चुकतं."

पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "अरे किती का असंना, मोजा पटापट! भात निवला!"

तू तीन वेळा विचारलंस. मी तिन्ही वेळा एकतीस म्हणालो. मग तू हात वर केलास, "जेवा रे" म्हणालास आणि कोट न काढताच जेवायला लागलास.

नंतर आंब्याच्या बुंध्याशी मी डोकं उतरवून बसलो होतो. तू पाण्याचा तांब्या आणून दिलास. मी तुला काट्याचं सांगितलं. गाडी भरलेली मोजताना ड्रायव्हर आत असेल तर रिकामी मोजतानाही आत हवा. मध्येच उतरला तर सत्तर किलोचा फरक पडतो आणि तो माझ्या नावावर लागतो. चाळीस टनांच्या गाडीतून एक माणूस उतरला तरी काट्याला कळतं. उतरलेला माणूस मी आत धरू शकत नाही, हे मी तुला अगदी ठासून सांगितलं.

तू म्हणालास, "तुझ्या काट्याला उतरलेला कळतो. वाडीच्या काट्याला तो उतरलेला वाटत नाय." मग उठलास. "जाऊ दे. पुढच्या वर्षी घेऊ."

मला वाटलं तू हरलास. हे लिहायला लाज वाटते, पण मला तेव्हा बरं वाटलं होतं.

पावसाळ्यात तू माझे बाकीचे सगळे संवाद दुकानात पुन्हा रेकॉर्ड केलेस. आवाज घुमावा म्हणून मला तांब्याच्या कळशीत तोंड घालून बोलायला लावलंस. एकशे बारा वाक्यं. शेवटी मी विचारलं, "आणि पंगतीचं?" तू वायरी गुंडाळत म्हणालास, "ते पंगतीतच." मी विषय वाढवला नाही. तूही नाही. त्यानंतर आपण दहा महिने सगळ्यावर बोललो, त्या एका वाक्यावर नाही.

तेराव्यानंतर सलीमभाई आले. शेजारी बसले आणि म्हणाले, "विलासभाऊ, पिक्चर पुरा करायला पाहिजे. गणपतीत सगळी वाडी जमते, तेव्हा दाखवायचा होता त्याला."

"शेवटचा प्रसंग नाही," मी म्हटलं.

"आहे की. तीनदा घेतलाय. लोखंड्याचं तोंड दिसतंच कुठं? मोदकपात्र दिसतं. तू इथं बसून 'अडतीस' म्हण, फोनवर घेतो, त्या 'एकतीस'वर चिकटवू. दोन मिनिटांचं काम. नाहीतर तुझा आवाज कॉम्प्युटरपण काढून देईल. दत्ताभाईचापण देईल म्हणतात."

चोवीस दिवस मी त्या डोक्याच्या आत होतो. त्याला ओठ नाहीत, दोन इंचांची एक फट आहे आणि तिच्यामागे लाल दिवा. एकशे बारा वाक्यं मी स्वतः कळशीत बोललो होतो. माझं तोंड दिसत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुझ्या मात्र आलं असणार. तुझा तर तो धंदा. मला न विचारता कुठल्याही 'अडतीस'नं तू सिनेमा संपवू शकला असतास. एकशे बारा वाक्यांत 'अडतीस किलो भात' असं एक वाक्यही होतं. त्यातलं कापून लावलं असतंस तरी मला कळलं नसतं.

मी त्याच दिवशी वहिनींकडे गेलो. सरळ विचारलं. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मी सांगितलं होतं यांना, चिकटवून टाका, विलासभावजींना कळणार पण नाही. तर म्हणाले, नको. मोजणारा माणूस तो. पंगतीकडं बघून स्वतः म्हणेल तेव्हाच घ्यायचं."

"आणि नाहीच म्हणालो असतो तर?"

"तेही विचारलं मी. म्हणाले, दर वर्षी राखण असते."

दत्ता, तू हरला नव्हतास. तू थांबला होतास. दर वर्षी एकदा विचारायची तुझी तयारी होती. मी हिशोबाचा माणूस, आणि पुढच्या राखणीला तू असशील हे मी न मोजताच धरून चाललो होतो.

तेव्हा ठरलं आहे ते सांगतो.

येत्या रविवारी राखण आहे. तुझ्या घराला वर्षभर पंगतीला बसता येणार नाही, म्हणून शूटिंग करायचं की नाही हे विचारायला मी काकींकडे गेलो. वहिनी सोबत होत्या. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि वहिनींना म्हणाल्या, "पंगतीत बसू नको गो. पान तुझ्या घरला येईल. पन ते यंत्र घिऊन हुबी ऱ्हा. त्याचं काम त्यानं सांगून ठेवलंय, ते अर्धं ऱ्हाया नको." मग माझ्याकडे वळल्या. "आनि तू रे. औंदा तरी नीट मोज."

गेल्या वर्षीचं माझं 'एकतीस' काकींच्याही लक्षात आहे.

सलीमभाईंनी सुचवलं की पांढरा कोट घालून ते पाठमोरे तुझ्या जागी बसतील, म्हणजे प्रसंग जुळेल. मी म्हटलं, तुमची पाठ प्रोफेसरांच्या दीडपट आहे. ते हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "ठीक आहे, मग गाडी माझी." गीझर, बादल्या आणि मोदकपात्र त्यांच्या टेम्पोतून वाडीत जाईल. माळेतले तीन दिवे गेले होते, ते मी काल बदलले. वेष पुन्हा मोजला. बारा किलो शंभर. सातशे ग्रॅम कुठून वाढले ते सापडलं नाही.

प्रश्न तूच विचारणार आहेस. गेल्या वर्षीचे तुझे तीन प्रश्न आहेत. त्यातला तिसरा घेतोय. तिसऱ्या वेळी तुझा आवाज दमलेला आहे आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे, जसं काही उत्तर काय येणार हे तुला माहीत होतं आणि तरी तुझी हरकत नव्हती. वहिनी तो स्पीकरवर लावतील, मला ऐकू येईल असा मोठ्यानं.

मी गावकऱ्यांकडून यादी घेतली आहे. या वर्षी तीस माणसं बसतील. सात घरं बंदच आहेत. आणि एक पान तुझ्या घराचं, माणसाशिवाय. तीस, सात आणि एक. आकडा तोच येतो. मी दोनदा बेरीज केली. गेल्या वर्षी एकतीस होते, या वर्षी तीस, पुढे किती होतील ठाऊक नाही. तुझा आकडा मात्र तसाच राहतो. मी बदलत्या आकड्याला बरोबर म्हणत होतो.

कळशी नको आणि कॉम्प्युटर नको. मी पंगतीच्या टोकाला उभा राहीन, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघेन, आणि म्हणेन. तोंड दिसणार नाही. पण म्हणणारा मी असेन.

एक अडचण उरते, ती नियमाप्रमाणे वहीत लिहिली आहे. उजवा रकानाही या वेळी मीच भरला. लाल पेन तुझ्या बॅगेत होतं, वहिनींकडून मागून आणलं.

चूक ४८: प्रश्न विचारताना प्रोफेसर पंगतीत बसलेले आहेत. उत्तर येतं तेव्हा त्यांच्या जागी फक्त वाढलेलं पान आहे.

राहू दे.